खरी प्रत मिळत असताना चोरटी कशाला?

'डायमंड डॉग्ज'ची अधिकृत रेकॉर्ड सहज मिळत असताना त्याच अल्बमच्या विनापरवाना छापलेल्या प्रती मी का जमवते, असे माझ्या कपाटापाशी उभे राहिलेले जवळजवळ सगळेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा हा अल्बम मे १९७४ मध्ये आला. ग्लॅम रॉकचा, म्हणजे भडक वेशभूषा आणि नाटकीपणा मिरवणाऱ्या रॉक संगीताचा, झगमगाट त्यात आहे, पण तो एका उद्ध्वस्त, उपाशी शहरावर पडलेला आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीवर संगीत नाटक करण्याचा बोवीचा बेत होता. ऑर्वेलच्या पत्नी सोनिया यांनी हक्क दिले नाहीत आणि त्या मोडलेल्या बेतातली गाणी या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर आली. नाकारलेल्या परवानगीतून घडलेल्या अल्बमच्या परवानगीवाचून निघालेल्या प्रती जमवण्यात मला थोडी गंमत वाटते, हे कबूल करते.

खरी ओढ मात्र ऐकण्याची आहे. चोरटी रेकॉर्ड बहुधा मूळ टेपवरून होत नाही. ती दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डवरून किंवा कॅसेटवरून उतरवलेली असते. त्यामुळे झांजांची धार बोथट होते आणि मूळ प्रतीवरचे ओरखडेही गाण्याबरोबर नव्या खाचांत कोरले जातात. याच अल्बममधल्या 'रिबेल रिबेल' या गाण्याच्या मध्यावर येणारी टकटक घालवण्यासाठी मी एक प्रत दोनदा धुतली, भिंग घेऊन तपासली, आणि मग लक्षात आले की ओरखडा माझ्या रेकॉर्डवर नव्हताच. तो कुणा अनोळखी माणसाच्या रेकॉर्डवर होता आणि मी फक्त त्याचा आवाज विकत घेतला होता.

मूळ म्हणून खपवलेल्या नकला मात्र मला खपत नाहीत. बेल्जियन चित्रकार गी पेलार्ट यांनी कव्हरवर बोवीला अर्धा माणूस, अर्धा कुत्रा असे रंगवले होते. आरसीए या रेकॉर्ड कंपनीने कुत्र्याचे जननेंद्रिय रंगाने झाकले, तरी न झाकलेली मोजकी कव्हरे बाहेर राहिली. ती फार महाग असल्यामुळे बनावट करणाऱ्यांचा डोळा त्यांच्यावरच असतो. छापील कव्हराचा फोटो काढून पुन्हा छापले की भिंगाखाली ठिपक्यांची दुहेरी जाळी दिसते. हे मी उशिरा, एकदा फसल्यावर शिकले.

अल्बमचा शेवट तर अशा प्रतींची परीक्षाच घेतो. शेवटच्या गाण्यात एका शब्दाचा तुटका तुकडा, सुई अडकावी तसा, मुद्दाम पुन्हा पुन्हा वाजतो, आणि लेबलाजवळच्या खाचांत आवाज एरवीही फाटतो. माझ्याकडच्या सर्वांत वाईट प्रतीत सुई तिथे खरोखरच अडकते. त्यातल्या किती फेऱ्या बोवीच्या आणि किती सुईच्या, हे मोजत मी बसून राहते. उठून सुई उचलावी, असे काही वेळ वाटतच नाही.