नागपूर ते ओबान्य: फ्रेंच फॉरेन लीजनच्या दारात घालवलेले दिवस, आणि जाणाऱ्यांनी आधी काय पाहावं

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी धावायला येणाऱ्या पोरांपैकी तिघांनी गेल्या महिन्यात मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, दादा तुम्ही त्या फ्रान्सच्या आर्मीत गेले होते म्हणे, तिकडे पाच वर्षं काढली की सिटिझनशिप भेटते का? त्यातल्या एकाला तर सीताबर्डीवरच्या कुठल्या तरी एजंटने साडेचार लाख सांगितलेत, "सिलेक्शन पक्कं" म्हणून. ते ऐकून मला रात्री झोप नाही आली, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

पहिले एजंटचं सांगतो. लीजन म्हणजे परदेशी लोकांना घेणारी फ्रेंच सैन्याची तुकडी, आणि तिच्यात भरती व्हायला एक रुपया लागत नाही. भारतात त्यांचं ऑफिस नाही, ते बाहेरच्या देशात भरती करतच नाहीत, कोणाला व्हिसाही काढून देत नाहीत. स्वतःच्या खर्चाने फ्रान्सला पोचायचं, पासपोर्ट घेऊन गेटवर उभं राहायचं, बस. गेट सध्या दोनच, एक पॅरिसजवळ फोंतने-सू-ब्वाला फोर दे नोजाँ आणि दुसरं मार्सेजवळ ओबान्यला, तेच त्यांचं हेडक्वार्टर. मग हे साडेचार लाख कशाचे, हे त्या एजंटलाच विचारा.

आता माझं. भारतीय सैन्याच्या भरतीला मी दोनदा उभा राहिलो, जमलं नाही, मग वय निघून गेलं. नंतर जर्मनीत मास्टर्स केलं आणि तिकडे असतानाच हे डोक्यात बसलं. लीजनला वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस चालतं, फ्रेंच यायलाच पाहिजे असं नाही, पुरुषच घेतात, पहिला करार ५ वर्षांचा आणि ३ वर्षं नीट नोकरी झाली की फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्ज करता येतो, आपोआप भेटत नाही, तोवर फ्रेंच यायला पाहिजे आणि रेकॉर्ड साफ पाहिजे. लढाईत जखमी झालेल्याला मात्र १९९९ च्या कायद्याने "सांडलेल्या रक्ताने फ्रेंच" म्हणून नागरिकत्व मागता येतं. हे सगळं वाचून मी मार्च २०२३ मध्ये श्टुटगार्टहून ट्रेनने निघालो. तेव्हा २८ चा होतो. घरी फक्त बाबांना सांगितलं होतं, आईला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही घरी सांगून जा, कारण आत गेल्यावर फोन नसतो आणि इकडे आई रोज फोन लावत राहते.

पॅरिसला गार द लेस्तला उतरलो, तिथून माजाँता स्टेशन चालत जवळच आहे, तिथून आरईआर (पॅरिसची लोकल) ई लाइनने नोजाँ-ल पेरो आणि मग पायी. विमानाने आलात तर शार्ल द गोल एअरपोर्टहून आरईआर बी पकडून शातले, तिथे ए लाइन बदलून वाल द फोंतने. किल्ल्याचं मोठं दगडी दार आहे. पांढरी केपी, म्हणजे लीजनची टोपी, घातलेला शिपाई बाहेर आला, काही न बोलता हात पुढे केला, मी पासपोर्ट दिला. त्याने प्रत्येक पान उलटून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, परत पान पाहिलं, आणि म्हणाला "आँद? पुरक्वा?" इंडिया, कशासाठी? जर्मनीत असल्यापासून पाठ केलेलं वाक्य होतं पण तोंडातून निघेना, शेवटी इंग्रजीतच सांगितलं. मग बॅग उघडली, सामानाची यादी झाली, फोन आणि पासपोर्ट त्यांच्याकडे, आणि दार मागे लागलं. त्या आवाजानंतर बाहेरचं काहीच कळत नाही, वेळ विचारायचा तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं.

आतलं दोन ओळीत सांगता येत नाही पण बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. लाइनीत उभं राहायचं, झाडायचं, भांडी घासायची, बटाटे सोलायचे, परत लाइन. माझ्या शेजारी दोन नेपाळी पोरं होती, पोखऱ्याकडची, हिंदीत बोलायचो आम्ही. त्यातला एक म्हणाला, दाजू, माझ्या बापाने शेत गहाण टाकून एजंटला पैसे दिले, मी परत कसा जाऊ. त्याला पाचव्या दिवशी काढलं. बॅग घेऊन गेटकडे चालताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो पोरगा मला रोज आठवतो, हे लिहिण्याचं खरं कारण तोच आहे.

नोजाँला तीन दिवस, मग ग्रुपने ट्रेनमधून मार्से आणि पुढे ओबान्य. तिथे निळा ट्रॅकसूट देतात आणि खरी तपासणी सुरू होते. धावणं बीप टेस्टचं, म्हणजे बीपच्या आवाजावर २० मीटरमध्ये येरझारा, दर लेव्हलला वेग वाढत जातो. कमीत कमी म्हणून ४ पुलअप आणि ७ वी लेव्हल सांगतात, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून जाऊ नका, माझ्यासोबतचे बहुतेक जण १२ ते १५ पुलअप आरामात काढत होते. पुलअप पूर्ण खाली सोडून, झटका न देता, नाहीतर तो मोजतच नाही. मग कॉम्प्युटरवरच्या लॉजिकच्या टेस्ट, मग मुलाखती, ज्यात तुमचं पूर्ण आयुष्य विचारतात, कर्ज आहे का, पोलिस केस आहे का, घरी कोण आहे, का आलास. खोटं बोलू नका, तोच प्रश्न दुसरा माणूस दोन दिवसांनी परत विचारतो.

मी मेडिकलमध्ये बाद झालो. दाढांचं तपासायला खुर्चीत बसवलं, डॉक्टरने लाइट ओढला, छोटा आरसा आत घातला आणि खालच्या दोन दाढांवर टकटक करून असिस्टंटला नंबर सांगितले. मला तिथेच समजलं. त्या दाढा मला दोन वर्षांपासून दुखत होत्या आणि पेनकिलरवर काढत होतो. दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं, कागदावर लिहिलं होतं "इनाप्त तांपोरेर", म्हणजे सध्या अपात्र, काही महिन्यांनी परत येऊ शकता. त्यांचं वागणं बरोबर होतं, पासपोर्ट, फोन, पैसे सगळं मोजून परत दिलं.

म्हणून भाऊ, निघायच्या सहा महिने आधी नागपुरातच दात, डोळे, कान, हृदय, सगळं दाखवून घ्या. परत यायचे पैसे वेगळे ठेवा, कमीत कमी ३००-४०० युरो आणि तिकिटाची सोय, कारण काढल्यावर तुम्ही ओबान्यच्या रस्त्यावर एकटे असता. स्टेशनवरून मार्सेला लोकल जाते, फार वेळ लागत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर खोटं कारण लिहून जाऊ नका, पुढे कधीही युरोपला जायचं झालं तर ते आडवं येतं. मी जर्मनीच्या परमिटवर होतो म्हणून फ्रान्समध्ये जाता आलं. तुमच्या गाडीला वेळ असेल तर तिथलं लीजनचं म्युझियम बघून घ्या, १८६३ च्या मेक्सिकोतल्या कामेरोनच्या लढाईत मेलेल्या लीजनच्या कॅप्टन दाँजूचा लाकडी हात तिथे जपून ठेवलाय. तो हात पाहताना मला समजलं की ही माणसं नोकरीसाठी म्हणून तिथे टिकत नाहीत.

मी परत का गेलो नाही हे सगळ्यांना सांगायचंय, कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि ते म्हणतात, काय बिघडलं, ओसीआय कार्ड काढू, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड. पण परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय देत नाहीत, तसा नियमच आहे. म्हणजे फ्रेंच झाल्यावर आईला भेटायला, बहिणीच्या लग्नाला, कोणाच्या मयतीला नागपूरला यायचं तर दर वेळी व्हिसा काढायचा. बाबांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझं तू ठरव, पण हे माहीत असून ठरव." मी नाही म्हणालो. दुसऱ्याचं उत्तर वेगळं असू शकतं आणि त्यात चूक नाही.

अजून एक, एजंट फ्रान्सचं नाव घेऊन भलतीकडेच पाठवतात. रशियाने जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी लोकांना लवकर नागरिकत्व द्यायचा आदेश काढला, आणि त्याच वर्षी आपल्याकडची पोरं "हेल्पर"च्या नोकरीच्या नावाखाली सरळ युक्रेनच्या आघाडीवर पोचवलेली सापडली, काही मेली, सीबीआयने मार्चमध्ये केस केली. अमेरिकेचंही कोणी सांगेल, तिथे ग्रीन कार्ड असल्याशिवाय भरती होता येत नाही, व्हिसावाल्यांसाठी जी मॅवनी नावाची स्कीम होती ती २०१६ मध्येच बंद पडली. त्यामुळे पैसे आधी मागणारा आणि करार तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत पुढे करणारा, या दोघांपासून उठून निघून या.

ज्याला खरंच जायचंय त्याने रविवारी सकाळी साडेपाचला फुटाळ्यावर या, बीप टेस्टचं ऑडिओ माझ्या फोनमध्ये आहे, २० मीटर मोजून खडूची रेघ मारून ठेवतो. येताना पासपोर्टची एक्स्पायरी बघून या. आणि ज्याला साडेचार लाख सांगितलेत, तू तर नक्की ये, बाबांना घेऊन ये, मी त्यांच्याशी बोलतो.