वर्षाच्या आकड्याखाली बघा

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं पाच रुपयांचंच असतं. कराडात स्टँडजवळ आमचं वह्या-पेनांचं दुकान आहे, तिथे येणाऱ्या कितीतरी जणांना मी हे सांगत असते. देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ही नाणी २०१२ साली निघाली, आजही गल्ल्यात येतात. पण 'दहा लाख मिळतील' असा व्हिडिओ मोबाइलवर येतो, माणसं खालच्या नंबरावर फोन करतात आणि समोरचा आधी नोंदणीचे, मग कराचे पैसे मागतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे पेन्शनमधले पैसे असेच गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांत ती पडत नाही, त्यासाठी कमिशन घेत नाही आणि घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही.

मला याचा फार राग येतो, कारण चिल्लरीत बघण्यासारखं खरोखर खूप असतं.

नाणं हातात आलं की वर्षाचा आकडा शोधायचा आणि त्याच्या खाली बघायचं. पत्त्यांतल्या चौकटीसारखी बारीक खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. एवढं कळलं तरी एकाच वर्षाची चार नाणी वेगवेगळी दिसायला लागतात.

आपल्या टांकसाळी पुऱ्या पडेनात तेव्हा सरकारने बाहेरच्या देशांतूनही नाणी पाडून आणली, हे पुष्कळांना माहीत नसतं. १९८५च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' आहे, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. पाच रुपयांची जुनी जाड नाणी आठवतात ना, नऊ ग्रॅमची? त्यांतली काही मॉस्कोत पाडलेली आहेत आणि त्यांच्यावर तिथल्या टांकसाळीची तीन रशियन अक्षरं आहेत. २०००चं तसलं एक नाणं मला कंपासपेटी घ्यायला आलेल्या पोराकडून मिळालं. अक्षरं झिजलेली, पण भिंगातून वाचता येतात. गल्ल्यात माझे पाच रुपये टाकले आणि ते ठेवून घेतलं. संग्राहक अशा नाण्याला जास्त पैसे देतात, पण लाख वगैरे कुणी देत नाही, आणि झिजलेल्याला तर फारच कमी.

आणखी एक तपासणी मुलांना फार आवडते. सिंह सरळ दिसतील असं नाणं वरच्या आणि खालच्या कडेला दोन बोटांत धरायचं आणि गर्रकन फिरवायचं. मागची बाजूही सुलटीच दिसली पाहिजे. तिरकी किंवा उलटी दिसली, तर ठसा बसवतानाच चूक झालेली आहे. असं नाणं बाजूला काढा.

मात्र चिंच-मीठ लावून घासू नका! लख्ख झालेलं नाणं जाणकार हातातही घेत नाहीत. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, वर तारीख आणि कुठे मिळालं ते लिहा.

पन्नास पैसेही परत करू नका. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून बंद झाली, पन्नास पैसे झालेले नाहीत. आमच्या दुकानात मी ते घेते. दहाच्या नाण्याचंही तेच: रिझर्व्ह बँकेने २०१८मध्ये त्याचे चौदा प्रकार सांगितले आणि चौदाही खरे आहेत. रुपयाचं चिन्ह नाही म्हणून कुणी नाकारत असेल, तर ते नाणं माझ्याकडे आणा, मी दहा रुपयांचा माल देईन.