वाट सांगणाऱ्याची निवड

मोटारीसाठी वाट दाखवणारे वेगळे उपकरण घ्यायचा विषय निघाला, की ‘फोन असताना हे कशाला?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. फोनमधला नकाशा ताजा असतो, रस्त्यावरची कोंडी त्याला लवकर कळते आणि त्यासाठी निराळे पैसे मोजावे लागत नाहीत, हे सारे मान्यच आहे. पण फोनच्या मागे शंभर कामे लागलेली असतात. ऐन वळणावर तो वाजतो, नकाशा बाजूला सारतो, आणि पलीकडच्या माणसाला ‘कुठपर्यंत आलात?’ एवढेच विचारायचे असते. काचेपाशी लावलेला फोन उन्हाने तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो, म्हणजे ऊन जेव्हा सर्वांत कडक तेव्हाच नकाशा सर्वांत फिका. वेगळ्या उपकरणाची बाजू मी घेतो ती एवढ्याचसाठी, की त्याला दुसरा उद्योग नसतो आणि नकाशे त्याच्या पोटातच साठवलेले असतात. मोबाइलची रेंज गेली तरी त्याचे अडत नाही, कारण उपग्रहांचे संकेत ते नुसते ऐकत असते; त्यांना उलट काही कळवावे लागत नाही.

विक्रेता मात्र सुरुवात करतो ती उपग्रहांपासून, आणि ग्राहकही तेवढ्याने दिपून जातो. माझ्या मते या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपापल्या अणुघड्याळातली वेळ सतत सांगत असतात, आणि किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून उपकरण आपले स्थान काढते. त्यांतला चौथा उपग्रह लागतो तो उपकरणातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. आइन्स्टाइनने मांडलेल्या सापेक्षतेमुळे वरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, हा हिशेबही यंत्रणेत आधीच धरलेला आहे. तो धरला नसता, तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास घोळ झाला असता. हा सगळा खटाटोप अमेरिकी सरकारच्या खर्चाने चालतो आणि स्वस्त व महाग अशा दोन्ही उपकरणांना त्याचा लाभ सारखाच फुकट मिळतो. एके काळी त्या सरकारने नागरी संकेतांत मुद्दाम खोट मिसळली होती, त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे होत असे. मे २००० च्या सुरुवातीला ती खोट काढून टाकली गेली आणि मोटारचालकाला ‘या फाट्याला की पुढच्या?’ हे सांगण्याइतका नेमकेपणा आला.

फरक दिसतो तो उंच इमारतींच्या मधून जाताना. तिथे आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी उघडी असते, आणि संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात. उशीर म्हणजे अंतर जास्त, अशी उपकरणाची समजूत होते आणि गाडी शेजारच्या गल्लीत असल्याचे पडद्यावर दिसू लागते. जे उपकरण जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू हेही ऐकू शकते, त्याला त्या पट्टीतही पुरेसे उपग्रह सापडतात. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही वारंवारता घेणारे असेल, तर परावर्तित संकेत ओळखणे त्याला आणखी सोपे जाते. बोगद्यात मात्र कोणाचेच काही चालत नाही. तिथे गाडीत मुळातच बसवलेली यंत्रणा सरस ठरते, कारण चाके किती फिरली हे तिला गाडीकडूनच कळत असते. मोटारींत ही युक्ती उपग्रहांच्या आधी आली म्हणावे लागेल: होंडाने १९८१ मध्ये जपानी बाजारात आणलेले उपकरण उपग्रहांशिवाय, जायरोस्कोप (गाडी किती वळली ते ओळखणारे साधन) आणि पार केलेले अंतर यांच्या आधारे चालत असे, आणि त्याचा नकाशा पारदर्शक कागदावर छापलेला होता.

खरी परीक्षा आवाजाची घ्यावी. दुकानात पडद्याची रुंदी सगळे बघतात, पण गाडी चालवताना डोळे रस्त्यावर असतात आणि कामाला येतात ते कान. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ हे वाक्य ताशी ३० किलोमीटर वेगात ऐकले तर हातात २४ सेकंद असतात. ताशी ८० च्या वेगात अवघी नऊ. त्या नऊ सेकंदांत आरसा बघायचा, मागच्या ट्रकचा अंदाज घ्यायचा, इशारा द्यायचा आणि गाडी डावीकडे आणायची. म्हणून चांगले उपकरण वेग बघून बोलते: मोठ्या रस्त्यावर दोन किलोमीटर आधी एकदा सूचना देते, मग पुन्हा जवळ आल्यावर सांगते, आणि मधल्या काळात गप्प बसते. ही गप्प बसण्याची अक्कल सर्वांना नसते. सरळ रस्त्यावर दर मिनिटाला ‘सरळ जात राहा’ असे बजावणारे उपकरण दुकानात कर्तव्यदक्ष वाटते आणि तासाभराच्या प्रवासात नकोसे होते.

वळण चुकल्यावर ते काय करते, हेही आधी पाहून घ्यावे. काही उपकरणे हटवादी असतात. रस्त्याला मधोमध दुभाजक असला तरी ‘शक्य असेल तेव्हा मागे वळा’ हा घोष सोडत नाहीत. काही मात्र दोन-तीन सेकंदांत नवा रस्ता शोधून कामाला लागतात. उड्डाणपुलापाशी तर दोन्ही प्रकारांची तारांबळ उडते. पूल वर चढतो, त्याला लागूनच सेवारस्ता खालून जातो, आणि दोघांत आडवे अंतर जेमतेम काही मीटरचे. सारे उपग्रह डोक्यावरच असल्यामुळे उंचीचा अंदाज स्थानाच्या अंदाजापेक्षा नेहमीच ढिला असतो, म्हणून उपकरण गाडीला जवळच्या एखाद्या रस्त्याला चिकटवून टाकते. पुलावर निम्मे अंतर चढून गेल्यावर ‘आता डावीकडे वळा’ असा आदेश येतो तो त्यामुळे. पुलाच्या आधीच कोणत्या लेनमध्ये राहायचे ते बाणांनी दाखवणारे उपकरण अशा वेळी लाखमोलाचे ठरते, आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते.

नकाशे अद्ययावत करण्याची सोय बघताना ‘आजीवन’ या शब्दाखालचा बारीक मजकूर वाचावा. ते आयुष्य आपले नसून उपकरणाचे असते, आणि ते कधी संपले हे कंपनी ठरवते. वेगाचा आकडा मोटारीतल्या काट्यापेक्षा थोडा कमी दिसला, म्हणून उपकरण परत करू नये. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असा नियम अनेक देशांत असल्यामुळे उत्पादकच तो जरा चढा ठेवतात.

जुने उपकरण स्वस्तात मिळत असेल, तर ते सुरू करून आधी त्यावरची तारीख बघावी. जीपीएसचा मूळ संकेत आठवडे मोजतो तो १,०२३ पर्यंत, आणि मग पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असे घडले, तेव्हा सॉफ्टवेअर न बदललेली काही उपकरणे सुमारे वीस वर्षे मागे गेली. त्यांतली काही स्थान अजूनही बरोबर सांगतात, पण तारीख बिघडली की पोहोचण्याच्या वेळेवरही फार विसंबता येत नाही. अशा उपकरणाला नवे सॉफ्टवेअर मिळते का हे विक्रेत्याला विचारावे, आणि तो घुटमळला तर सौदा तिथेच सोडून द्यावा.