बंडोपंतांचा आहारविहार

न्यू साऊथ वेल्सच्या दक्षिण भागात, मरमबिजी नदीच्या काठी वसलेल्या वॉगा वॉगा या शहरात आम्ही राहतो आणि आमच्या घरात बंडू नावाचा एक गॅला राहतो. गॅला म्हणजे राखाडी पाठीचा आणि गडद गुलाबी पोटाचा ऑस्ट्रेलियन काकाकुवा. लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, वजन २७० ते ३५० ग्रॅम, आणि डोक्यावर लहर लागेल तसा उभा राहणारा फिकट गुलाबी तुरा. प्रौढ नराचे डोळे जवळजवळ काळे दिसतात, मादीचे तांबूस असतात. बंडूचे काळे असल्यामुळे त्याच्या नावाबद्दल आम्हाला शंका राहिली नाही. तो शहाण्यासारखा वागला की त्याला बंडोपंत म्हणतात, परंतु तशी वेळ क्वचित येते.

भारतातील नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो की, पोपट पाळणे गुन्हा ना? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला नेहमीचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही, मग कितीही घरांच्या गॅलरीत तो ‘मिठू मिठू’ करीत असला तरी. येथे न्यू साऊथ वेल्समध्ये पाळीव अवस्थेत जन्मलेला गॅला ठेवण्यास परवाना लागत नाही. रानातला पकडून आणणे मात्र बेकायदा आहे. बंडू आमच्याकडे आला तो शेजारच्या आजोबांकडून. ते वृद्धाश्रमात राहायला गेले, तेथे पक्ष्याची सोय नव्हती, आणि त्यांनी पिंजरा, दोन लाकडी खेळणी व सूर्यफुलाच्या बियांनी काठोकाठ भरलेला एक मोठा डबा आमच्या स्वाधीन केला. त्या डब्यापासूनच आमचे शिक्षण सुरू झाले.

गॅलाला काय खायला द्यावे हे समजून घ्यायचे असेल तर आधी रानातला गॅला दिवसभर काय करतो ते पाहावे, आणि वॉगाच्या परिसरात ते पाहण्यासाठी गावाबाहेर जावेच लागते असे नाही. हे पक्षी सकाळी नदीकाठच्या रेड गम वृक्षांवरून थव्याने उतरतात आणि क्रीडांगणांवर, रस्त्यांच्या कडेला, धान्याच्या कोठारांजवळील रुळांच्या आसपास जमिनीवर चालत चालत खाणे शोधतात. गवताचे बी, सांडलेला गहू, चोचीने उकरून काढलेले रानगवताचे लहान कंद, अधूनमधून एखादी अळी, असा त्यांचा आहार असतो. दाणा बारीक, तो सोलायचा, मग पुढचा शोधायचा, मध्येच ससाण्याच्या भीतीने सगळ्यांनी एकदम उडायचे आणि पुन्हा उतरायचे. अशा उद्योगात त्यांचे तासन्‌तास जातात. मूळचा हा कोरड्या अंतर्भागातला पक्षी; गोऱ्या वसाहतवाल्यांनी झाडी तोडून गव्हाची शेते केली, गुरांसाठी जागोजागी पाण्याची सोय केली, तसा तो देशभर पसरला. थोड्या आणि रूक्ष अन्नावर पुष्कळ चालण्यासाठी घडलेले हे शरीर आहे, हे ध्यानात घेतले की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

अशा शरीराला पिंजऱ्यात बसवून समोर सूर्यफुलाचे बी ठेवले तर काय होते, ते बंडूच्या छातीवर दिसत होते. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये वजनाच्या सुमारे निम्मी चरबी असते. गव्हात ती जेमतेम २ टक्के असते. काकाकुव्यांमध्ये गॅला विशेष लवकर लठ्ठ होतो, त्याच्या कातडीखाली चरबीच्या गाठी धरतात, आणि यकृतात चरबी साठू लागली की प्रकरण जिवावर बेतते. आमच्याकडे आला तेव्हा बंडूचे वजन ४०० ग्रॅमच्या वर होते, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडाल्यावर तो चोच उघडी ठेवून धापा टाकीत असे. सूर्यफुलाऐवजी करडईचे बी दिले म्हणजे पथ्य पाळले, असे येथील पुष्कळ पक्षीपालक समजतात. ज्यांच्या घरी करडईचे तेल वापरले जाते त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, रोजच्या आहाराचा मोठा भाग पेलेटचा असावा, उरलेला बहुतेक भाज्यांचा, आणि बियांना बक्षिसाचा दर्जा द्यावा. पेलेट म्हणजे धान्य, कडधान्य आणि जीवनसत्त्वे एकत्र दळून केलेल्या गोळ्या. त्यातला फायदा असा की पक्ष्याला आवडीचे निवडून बाकीचे टाकून देता येत नाही. परंतु वर्षानुवर्षे बिया खाल्लेल्या पक्ष्याला पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही, आणि ‘भूक लागली की खाईल’ हा मुलांच्या बाबतीत चालणारा हिशेब येथे धोक्याचा ठरतो, कारण लठ्ठ पोपटाला एकाएकी उपाशी ठेवले तर त्याचे यकृत आणखी बिघडू शकते. म्हणून बदल आठवड्या-आठवड्याने करावा लागतो. बियांचे प्रमाण थोडे कमी, पेलेट थोडे अधिक, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बंडूची स्वारी. माझे यजमान त्याच्यासमोर बसून मिटक्या मारीत पेलेट खाण्याचा अभिनय करीत, आणि तो इतका वठला की एके दिवशी बंडूने त्यांच्या हातातला पेलेट हिसकावून घेतला. पहिल्यांदा खाल्ला तो चोरून, हेही त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

भाज्यांत लाल भोपळा, गाजर, रताळे आणि गडद हिरव्या पालेभाज्या यांना पहिला मान द्यावा. केवळ बियांवर वाढलेल्या पोपटांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, आणि ती भरून काढण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मटाराची शेंग न सोलता द्यावी, मक्याचे कणीस आडवे कापून चकतीसारखे द्यावे. फळे गोड असल्यामुळे ती थोडीच. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेसाचा तुकडा अडकवलेला असतो, त्याचा बंडू मुख्यतः भुगा करतो, पण त्यातले थोडे पोटात जाते. कोंबड्यांप्रमाणे वाळूचे खडे देण्याची गरज नसते, कारण पोपट दाणा सोलून खातो.

सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा या सगळ्या पथ्यपाण्यात मराठी स्वयंपाकघराने भर घातली. येथील पक्षीपालक मोड आलेल्या बियांचे गुण मोठ्या कौतुकाने सांगतात आणि त्यासाठी जाळीदार झाकणांच्या खास बरण्या विकत घेतात. सासूबाईंनी मूग रात्री भिजत घातले, सकाळी फडक्यात बांधले, आणि मोडाचे नुसते टोक दिसू लागताच मूठभर बंडूपुढे ठेवले. “बंड्या, हे खा, म्हणजे अंगात बळ येईल,” असे त्यांनी सांगितल्यावर तो एक पाय उचलून एकेक मूग सोलू लागला. मूग, मसूर, हरभरे, गहू असे काहीही चालते. राजम्यासारखे मोठे दाणे कच्चे किंवा नुसते मोड आणून कधीही देऊ नयेत, कारण त्यांत विषारी द्रव्य असते. वॉगाच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा मोड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे लागतात, आणि जरासा आंबट वास आला तरी सगळे फेकून द्यावे. हिरवी मिरची द्यावी की नाही यावर घरात वाद झाला, तोही सासूबाईंनीच जिंकला. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे आपल्याला झोंबतो ते पक्ष्यांना झोंबत नाही, त्यामुळे बंडू लवंगी मिरची अशा थंडपणे खातो की पाहुण्यांच्याच डोळ्यांत पाणी येते.

जे देऊ नये त्याची यादी लहान आहे, पण तिथे सवलत नाही. अव्होकाडो पक्ष्यांना विषारी आहे, आणि येथील निम्म्या घरांची न्याहारी अव्होकाडो-टोस्टची असल्यामुळे धोका रोज टेबलावर मांडलेला असतो. चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, खारवलेले दाणे, कांदा, लसूण आणि सफरचंदाच्या बिया वर्ज्य आहेत. खाण्याहून मोठा धोका हवेतून येतो. नॉन-स्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण त्याने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो; पक्ष्यांच्या फुप्फुसांची रचना हवेतून प्राणवायू फार कार्यक्षमतेने ओढून घेते, आणि विषही तितक्याच कार्यक्षमतेने ओढते. आमच्याकडे डोसे पुन्हा लोखंडी तव्यावर होऊ लागले आहेत, आणि देवघरातली उदबत्ती बंडूच्या खोलीपासून लांब, खिडकी उघडून लावली जाते.

आता खेळाकडे वळते, कारण गॅलाच्या बाबतीत तो आहाराचाच भाग आहे. वाटीत भरून दिलेले अन्न बंडू काही मिनिटांत संपवतो आणि मग त्याच्यापुढे सबंध दिवस उरतो. त्या रिकाम्या वेळात पोपट किंचाळतात, पडद्यांच्या चिंध्या करतात, आणि फारच कंटाळले तर स्वतःची पिसे उपटू लागतात. म्हणून आमच्याकडे वाटीत फक्त पाणी आणि ओल्या भाज्या असतात. पेलेट वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांत दडवून किंवा कॅज्युरिनाच्या, म्हणजे सुरूच्या झाडाच्या, बोंडांत खोचून ठेवायचे. आरंभी पुडी अर्धी उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत काही आहे हे पक्ष्याला उमगत नाही. आता बंडूला सुतळीची गाठसुद्धा सोडवता येते आणि ती आमच्यापेक्षा लवकर सुटते. सूर्यफुलाचे बी हद्दपार झालेले नाही, परंतु ते केवळ शिकवणीच्या वेळी, एकेक मिळते: बोलावल्यावर हातावर आला की एक, न चावता वजनकाट्यावर उभा राहिला की एक. दिवसभर फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी कोणी कसरत करीत नाही, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र आहे.

लाकूड हे त्याचे दुसरे व्यसन. औषध न फवारलेल्या निलगिरीच्या आणि बॉटलब्रशच्या ताज्या फांद्या पिंजऱ्यात अडकवल्या की दुपारपर्यंत खाली सालींचा खच पडलेला असतो. रानातले गॅला घरट्याच्या ढोलीभोवतीची साल सोलून काढतात आणि ढोलीत निलगिरीच्या पानांचे अंथरूण घालतात, त्यामुळे हे वेड त्याच्या रक्तातच आहे. विकतच्या महागड्या खेळण्यांपैकी त्याला फक्त एक आवडले, ते म्हणजे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून ती आली ते खोके. पाठीवर उताणे पडून चारही बाजूंनी चेंडू फिरवणे, दोरीला एका पायाने उलटे लोंबकळणे, आणि कोणी पाहत नसेल तर ओरडून लक्ष वेधून घेणे, हा त्याचा रोजचा तमाशा असतो. पावसाळी दिवशी येथील विजेच्या तारांवर गॅला पंख पसरून उलटे लटकलेले दिसतात. बंडूला तोच आनंद बागेतल्या नळीच्या बारीक फवाऱ्यात मिळतो, आणि त्याची गरजही असते, कारण काकाकुव्यांच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते व ती घरातल्या प्रत्येक काळ्या वस्तूवर बसते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हा पक्षी घरात आणण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

खेळाला एक मर्यादाही आहे. वसंतात, म्हणजे येथील सप्टेंबरच्या सुमारास, पाठीवर आणि पंखांखाली कुरवाळण्याचा अर्थ पक्षी जोडीदाराचे प्रेम असा घेतो आणि मग तो कपाटाखाली घरटे मांडून इतरांना चावत सुटतो. म्हणून आम्ही केवळ डोके आणि मान खाजवतो, आणि दहा-बारा तास अंधारात झोप मिळेल असे पाहतो.

पक्षी आजार लपवतो, त्यामुळे वजनकाटा हाच आमचा खरा डॉक्टर आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरले, विष्ठेचा रंग बदलला, पिसे फुगवून दिवसा झोप येऊ लागली किंवा श्वासाबरोबर शेपूट हलू लागली, तर उद्याची वाट पाहू नये. बाहेरचा पिंजरा छताचा असावा, कारण चोच आणि पिसांचा एक असाध्य विषाणुरोग रानातल्या काकाकुव्यांमध्ये पसरलेला आहे आणि तो विष्ठेतून व पिसांच्या भुकटीतून येतो. नव्या जाळीच्या जस्ताचे कण चावून चावून पोटात जातात, म्हणून ती आधी व्हिनेगरने घासून धुवावी. बंडूचे वजन आता ३३० ग्रॅमच्या आसपास स्थिर आहे आणि खोलीच्या दोन-तीन फेऱ्या मारूनही त्याला धाप लागत नाही.

आम्ही भारतात जातो तेव्हा तो एका पक्षीप्रेमी मैत्रिणीकडे राहतो. तिला पेलेटच्या पुड्या बांधून देते, भाज्यांचे वेळापत्रक देते, आणि सूर्यफुलाचे बी रोजचे मोजके, लहान डब्यांत, वारांची नावे लिहून देते. मोठा डबा आमच्याच घरी कुलपात राहतो, कारण मैत्रीण अतिशय मायाळू आहे आणि बंडोपंतांना ते ठाऊक आहे.