चिखलात रोवलेली दीपगृहं

आई रत्नागिरीची. तिच्या लेखी दीपगृह म्हणजे कड्यावरचा उंच मनोरा आणि खाली कातळावर फुटणाऱ्या लाटा. त्यामुळे मेरीलँडमध्ये आमच्याकडे आल्यावर मी तिला चेसापीक उपसागराची दीपगृहं दाखवायला निघाले, तेव्हा पहिल्याच ठिकाणी फजिती झाली. हॅव्हर डी ग्रेस गावातलं काँकर्ड पॉइंटचं दीपगृह तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. वेळ लागला नाही, उंची जेमतेम ११ मीटर.

"एवढंसंच?"

मग मी तिला जॉन ओनीलची गोष्ट सांगितली. १८१३ साली ब्रिटिशांनी गावावर हल्ला केला तेव्हा बाकीचे पांगले, पण हा तोफेपाशी एकटा उभा राहिला आणि पकडला गेला. १८२७ मध्ये ग्रॅनाइटचा हा मनोरा बांधल्यावर दिवा सांभाळायची पहिली नोकरी त्यालाच मिळाली. पुढेही ते काम त्याच्या घराण्यातच राहिलं. "म्हणजे वतनच की," आई म्हणाली, आणि मनोऱ्याकडे जरा आदराने बघायला लागली.

बाल्टिमोरच्या बंदरातलं सेव्हन फुट नोल आम्ही धावतच पाहिलं. लोखंडी, गोल, लालभडक. मला ते आवडतं, पण १९८८ साली धक्क्यावर आणून ठेवल्यापासून बिचारं पार्किंग शोधणाऱ्या गाड्यांकडे बघत बसलंय.

खरी मजा सेंट मायकल्सला आली. त्यासाठी उपसागरावरचा सुमारे सात किलोमीटरचा पूल ओलांडावा लागतो. (आईने तो डोळे मिटून ओलांडला.) तिथल्या म्युझियमच्या आवारात, अगदी पाण्याच्या कडेला, हूपर स्ट्रेट नावाच्या सामुद्रधुनीतून आणलेलं १८७९ सालचं दीपगृह आहे. मनोरा नाहीच. लोखंडी खांबांवर उभं लाकडी षटकोनी घर आणि छपरावर दिव्याची काचेची खोली.

कारण तळाशी चिखल. चेसापीक लांबीला ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास. दगडी मनोरा या गाळात खचणार. मग अलेक्झांडर मिचेल या अंध आयरिश अभियंत्याची युक्ती इथे कामी आली. खांबाच्या टोकाला मळसूत्रासारखं रुंद पातं बसवायचं आणि खांब ठोकायचा नाही, गाळात पिळत खाली न्यायचा. वर हलकं लाकडी घर.

या घरांचा वैरी लाटा नव्हे, बर्फ. हूपर स्ट्रेटला आधी १८६७ सालचं असंच घर होतं. जानेवारी १८७७ मध्ये बर्फाच्या लोंढ्याने ते खांबांवरून उचलून नेलं. दोघे रखवालदार होडी बर्फावरून ओढत चोवीस तास विस्तवाशिवाय कुडकुडत राहिले आणि वाचले. वाचल्यावर वरिष्ठांना कळवलं काय, तर घर गेलं, पण नवं बांधाल तर तिथे नेमा, आम्ही तयार आहोत! मी असते तर राजीनामा पाठवला असता.

आईला यंत्रात रस नव्हता. तिने सरळ स्वयंपाकाची चूल गाठली.

"गोडं पाणी कुठून आणायचे गं?"

छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचे. संडास कठड्याबाहेर लटकवलेला, थेट समुद्रावर. बायकामुलं किनाऱ्यावर, घरात फक्त पुरुष. ही माहिती ऐकून तिने नीट घडी घातलेल्या पांघरुणावर बोट ठेवलं. "मग हे म्युझियमवाल्यांनी आवरलंय."

हे अख्खं घर १९६६ साली वळचणीखाली आडवं कापून, बार्जवर घालून इथे आणलं. नाहीतर ते मोडीतच जायचं होतं.

दुपारी कुर्ल्या खाल्ल्या. इथे त्या वाफवून वरून कोरडा मसाला भुरभुरतात आणि टेबलावर कागद पसरून लाकडी हातोडीने फोडतात. "वाटण नाही की काही नाही," अशी तक्रार करत आईने चार संपवल्या.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनापोलिसहून बोटीने थॉमस पॉइंट शोलला जायचं होतं. १८७५ पासून तिथेच, पाण्यात उभं असलेलं, या घाटणीचं उपसागरातलं शेवटचं घर. वारा वाढला आणि फेरी रद्द झाली. मी वैतागले. शिडीने चढून जमिनीतल्या झडपेतून आत शिरायचं असतं हे कळल्यापासून आई मात्र वाऱ्याच्याच बाजूने होती.

शेवटी आम्ही किनाऱ्यावरच्या थॉमस पॉइंट पार्कात गेलो. तिथून ते दिसतं. दूर, पांढरं, लाल छपराचं, जणू कुणी पाण्यावर पाट मांडून बसलंय. संध्याकाळ उतरत होती. १९८६ पासून दिवा आपोआप चालतो, तिथे माणूस नाही, हे मी सांगितलं. आई ऐकत नव्हती, दिव्याच्या दोन चमकांमधले सेकंद बोटांवर मोजत होती.

"पाच," ती म्हणाली. पुन्हा मोजलं. "हो, पाचच."

पार्क सूर्यास्ताला बंद होतो. राखणदाराने गाडीचा भोंगा वाजवला तरी ती आणखी दोन फेऱ्या मोजून मगच निघाली.