गॅलेरा क्लस्टरची नोंद : दुपारचे इशारे आणि तिसरा नोड

वरुड तालुक्यातील आमच्या संत्राबागेत, आंबिया बहाराच्या काळात मातीतील ओलावा नोंदवण्यासाठी मी तीन रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकांवर मारियाडीबी या डेटाबेसचा गॅलेरा क्लस्टर चालवतो, म्हणजे तिन्ही संगणक (नोड) एकच डेटा परस्परांशी जुळवून ठेवतात. दोन नोड घरात आहेत आणि तिसरा बागेतील मोटारीच्या खोलीत, टिनाच्या छपराखाली, सौर बॅटरीवर चालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यापासून रोज दुपारी ग्राफाना या देखरेखीच्या फलकावर एकच इशारा येऊ लागला : पहिल्या नोडवर लेखनास विलंब होत आहे.

त्या नोडचा प्रोसेसर मात्र मोकळा होता, डिस्कवरही ताण नव्हता. गॅलेरामध्ये असे दिसले की आधी इतर नोड तपासावेत, कारण इशारा जिथे उमटतो तिथेच दोष असेल असे नाही. व्यवहाराचा राइट-सेट (त्यातील बदलांचा संच) सर्व नोडांना पोहोचून त्याची पडताळणी झाली की कमिट, म्हणजे व्यवहार पक्का होणे, पूर्ण होते. तो लागू करण्याचे काम प्रत्येक नोड आपापल्या गतीने करतो, आणि एखाद्याकडे लागू व्हायच्या राइट-सेटची रांग मर्यादेपलीकडे वाढली की तो फ्लो कंट्रोलचा संदेश पाठवून संपूर्ण क्लस्टरचे लेखन थांबवतो. माझ्याकडे ही मर्यादा मूळची १६ आहे. तीन नोडांमुळे ती ३ च्या वर्गमूळाने गुणली जाऊन २८ होते.

‘फ्लो कंट्रोल पॉज्ड’ (लेखन किती काळ थांबले याचे प्रमाण) हा आकडा मागील फ्लश स्टेटसपासूनची, म्हणजे आकडे शेवटचे शून्यावर आणल्यापासूनची, सरासरी असल्याने दुपारचा ताण त्यात विरून जातो, म्हणून थांबलेल्या वेळेच्या नॅनोसेकंदांतील संचयी आकड्याचा दर पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. ‘फ्लो कंट्रोल सेंट’ (नोडने पाठवलेल्या थांबवण्याच्या संदेशांची संख्या) केवळ तिसऱ्या नोडवर वाढत होता. खात्रीसाठी तो नोड काही वेळ डीसिंक केला, म्हणजे त्याचे थांबवण्याचे संदेश बंद झाले, आणि लेखन लगेच पूर्ववत झाले. त्याच्या प्रोसेसरचे तापमान ८० अंशांच्या वर होते. तेवढ्या उष्णतेत रास्पबेरी पाय आपला क्लॉक (प्रोसेसरचा वेग) स्वतःहून उतरवतो. व्होल्टेज कमी पडल्याची नोंद नव्हती, त्यामुळे सौर बॅटरीवरचा संशय मिटला.

मर्यादा वाढवून इशारा शांत करता आला असता, पण मला ते मान्य नाही. तसे केल्यास रांग लांबते आणि त्या नोडवर वाचणाऱ्याला शिळी नोंद मिळते. ठिबक केव्हा सुरू करायचे हे बागेत त्याच नोडवरून ठरते.

आता तो रास्पबेरी पाय उत्तरेकडच्या भिंतीवर, हवेशीर जागी, पंखा बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पेटीत ठेवला आहे. राइट-सेट लागू करणारे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकावरून चार केले आहेत. भर दुपारीही तापमान ७० अंशांच्या आसपास राहते आणि लेखन थांबत नाही. इशाऱ्याचा नियमही बदलला असून तो आता प्रत्येक नोडचे तापमान आणि त्याने पाठवलेले फ्लो कंट्रोलचे संदेश यांवर चालतो.

पावसाळ्यापूर्वी जीकॅश, म्हणजे नोडवर अलीकडचे राइट-सेट साठवणारी जागा, १२८ एमबीवरून वाढवायचा आहे. ढगाळ दिवसांत बॅटरी उतरून तिसरा नोड बंद पडला, तर मधले राइट-सेट इतर नोडच्या जीकॅशमध्ये शिल्लक असेपर्यंतच तो तेवढेच मागवून रुळावर येतो. अन्यथा संपूर्ण डेटा शेतापर्यंतच्या वायरलेस जोडणीवरून पुन्हा पाठवावा लागतो. नवा आकार ठरवण्यासाठी आधी दिवसभरात किती राइट-सेट जमा होतात हे मोजत आहे.