लग्नाआधीचे आडनाव आणि अडकलेली आठ वर्षे

मार्च 2023 मध्ये वयाची 58 वर्षे पूर्ण करून मी निवृत्त झाले, तेव्हा पेन्शनचे काम महिन्याभरात मार्गी लागेल असे मी घरात ठामपणे सांगितले होते. प्रत्यक्षात अकरा महिने लागले आणि त्यांतले नऊ एका आडनावापायी गेले.

1996 ते 2004 अशी आठ वर्षे मी एका छोट्या कारखान्यात हिशेब पाहत असे. 1998 मध्ये लग्न झाल्यावर बँक, पॅन आणि पुढे आधार सारे सासरच्या नावाने झाले. कारखान्याच्या नोंदीत मात्र मी अखेरपर्यंत माहेरवाशीणच राहिले. मुलांसाठी नोकरी सोडली, पीएफ तसाच ठेवला आणि जुलै 2014 मध्ये दुसरी नोकरी धरली, ती पावणेनऊ वर्षे टिकली. पीएफशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा लागते. त्यामुळे कोणत्याही एका नोकरीवर पेन्शन बसत नव्हते. दोन्ही जोडल्या तर जवळपास सतरा वर्षे भरत होती.

जुने खाते नव्याला जोडण्याचा ऑनलाइन अर्ज 'नाव जुळत नाही' एवढ्याच शेऱ्यासह परत आला. मी पीएफ कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझ्या 2001 च्या पिवळ्या पडलेल्या वार्षिक स्लिपवर पेन्सिलीने आडनावाभोवती गोल काढला, शेजारी आधारची प्रत ठेवली आणि विचारले, "या दोघी एकच कशावरून?" विवाह नोंदणीचा दाखला पुढे केला, तर दुरुस्तीचा संयुक्त अर्ज मालकाच्याच सहीने यायला हवा, असे उत्तर मिळाले. कारखान्याला कुलूप लागून कित्येक वर्षे झाली होती. हे मी तीन खेपांना तीन वेगवेगळ्या टेबलांवर सांगितले आणि तिन्ही वेळा तोच कोरा अर्ज घेऊन परत आले.

चौथ्या खेपेला रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका निवृत्त लेथ कामगाराने सांगितले, "अहो ताई, कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते." खिडकीपलीकडच्या कोणालाही हे सांगावेसे वाटले नव्हते, याचा राग आजही गेलेला नाही. सही मिळवली, तर जुन्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच नसल्याचे निघाले. बिस्किटांच्या डब्यात जपलेल्या पगाराच्या शेवटच्या स्लिपा तेव्हा कामी आल्या. तरीही फाईल हलली ती दर महिन्याच्या 27 तारखेला भरणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात गाऱ्हाणे मांडल्यावर.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती: खाती जोडली जाण्यापूर्वी पीएफ काढण्याचा अर्ज करू नका. यजमान मात्र रोज पीएफ काढून घ्यायलाच सुचवत होते आणि त्यांचेही चुकत नव्हते, कारण 2020 मध्ये त्यांचा पगार निम्म्यावर आल्यापासून आमच्या घरी अडकलेल्या पैशाची धास्ती होती. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएफ हातात आला. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडता येते. त्याप्रमाणे पोस्टात 8.2 टक्क्यांनी पैसे ठेवले. ते काम एका सकाळीत झाले.

पेन्शन दरमहा तीन हजारांच्याही आत आहे. पेन्शनचा आदेश हातात आला तेव्हा तो आकडा मी नंतर पाहिला. आधी आडनाव वाचले.